गॅस संपत नाही, गॅस जातो

मंडळी, मार्च संपत आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं. "अरे, एसीचा गॅस संपलाय बहुतेक, कूलिंगच येत नाहीये." मग गाडी गॅरेजला जाते, मेकॅनिक गॅस मारतो, आपण पैसे देतो आणि पुढच्या मार्चपर्यंत विषय बंद. पेट्रोल संपतं, वायपरचं पाणी संपतं, तसा एसीचा गॅसही संपत असणार असं आपण धरून चालतो.

पण जरा विचार करा. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही, खर्चही होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यामुळे तो तापतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग एका बारीक भोकातून निसटून डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये येतो आणि तिथे गाडीतली उष्णता शोषून घेत उकळतो. आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा एक अनंत लूप आहे. लूपमधून काही बाहेर पडायचं कारणच नाही. मग दरवर्षी गॅस जातो कुठे?

सरळ उत्तर: हवेत. पाइपांतून, सांध्यांतून, कॉम्प्रेसरच्या सीलमधून. आणि हे "जाणं" पन्नास वर्षं कोणालाच खटकलं नाही. या वीकांताला त्याचीच गोष्ट सांगायची आहे. गोष्ट बहुतेक अमेरिकेतली आहे, कारण मोटारीचा एसी जन्मला तिथे आणि त्याने सगळ्यात जास्त गॅस सोडला तोही तिथेच.

फ्रिज गळत नाही, मग गाडी का गळते?

घरातला फ्रिज वीस-वीस वर्षं चालतो आणि त्यात एकदाही गॅस भरावा लागत नाही, असं आपण अनेक घरांत पाहिलंय. त्याचं कारण सोपं आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि तो फिरवणारी मोटर हे दोघं एकाच पोलादी डब्यात बंद असतात. डबा वेल्ड केलेला, नळ्या तांब्याच्या किंवा धातूच्या, सांधे ब्रेझ केलेले. बाहेर येतात त्या फक्त विजेच्या तारा. गॅसला पळायला वाटच नाही.

गाडीत ही चैन परवडत नाही. तिथे कॉम्प्रेसर फिरवतं इंजिन, पट्ट्याने. म्हणजे कॉम्प्रेसरचा दांडा डब्याबाहेर आलाच पाहिजे. आणि फिरणारा दांडा जिथून बाहेर येतो तिथे सील कितीही चांगलं असलं तरी थोडं झिरपणारच. दुसरी अडचण त्याहून मोठी. कॉम्प्रेसर इंजिनवर बसवलेला, आणि कंडेन्सर, इव्हॅपोरेटर हे दोघे गाडीच्या सांगाड्यावर. इंजिन रबरी माउंटवर बसून थरथरतं, अॅक्सिलरेटर दाबला की एका बाजूला कलतं. सांगाडा मात्र आपल्या जागी. या दोघांमध्ये धातूची सरळ नळी टाकली तर ती काही दिवसांत तडकेल. म्हणून तिथे लवचिक पाइप लागतो, रबराचा. आणि रबर म्हणजे गॅसच्या दृष्टीने अतिशय बारीक जाळीच.

थोडक्यात, गाडीच्या एसीत दोन वेगळ्या मालकांच्या जमिनी आहेत, इंजिनाची आणि बॉडीची. हद्दीवर आहेत दोन-तीन पाइप. एक जाडा, थंड, कमी दाबाचा. त्याला सक्शन म्हणतात. एक त्याहून बारीक, हाताला चटका देईल इतका गरम, जास्त दाबाचा, तो डिस्चार्ज. कडक उन्हाळ्यात एकीकडे पंचवीस-तीस पीएसआय तर दुसरीकडे दोनशे-अडीचशे. एसीचा सगळा इतिहास मला तरी या पाइपांच्या दोन टोकांवर घडलेला दिसतो.

पट्टा काढा आणि एसी बंद करा

कारखान्यातून एसी बसवून मिळणारी पहिली गाडी पॅकार्डची. नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांपुढे आली, १९४० चं मॉडेल म्हणून. एसीची किंमत २७४ डॉलर, यंत्रणा क्लीव्हलंडच्या बिशप अँड बॅबकॉक कंपनीची. गंमत म्हणजे गार करणारा भाग होता मागे डिकीत, आणि कॉम्प्रेसर पुढे इंजिनवर. म्हणजे पाइप गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डिकीची बरीच जागा गेली ती वेगळीच.

पण खरी मजा पुढे आहे. या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. इंजिन चालू की कॉम्प्रेसर चालू. एसी बंद करायचा असेल तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा हाताने काढून ठेवायचा! (हिवाळ्यात एकदाच काढून ठेवत असणार, दुसरं काय.) १९४१ नंतर पॅकार्डने हा प्रकार बंद केला. कॅडिलॅकने १९४१ मध्ये थोड्या गाड्यांना एसी बसवला, मग युद्ध आलं आणि विषय मागे पडला.

युद्धानंतर १९५३ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स पुन्हा मैदानात उतरल्या, पण कॅडिलॅकची यंत्रणा अजूनही डिकीतच. खरा बदल आला १९५४ मध्ये, नॅश अँबॅसेडरबरोबर. (नावावरून गोंधळू नका, उत्तरपाड्याच्या आपल्या अँबॅसेडरशी हिचा संबंध नाही.) हीटर, एसी, हवा खेळवणं हे सगळं एकत्र करून त्यांनी गाडीच्या पुढच्या भागातच बसवलं. किंमत ३४५ डॉलर. नॅशला हे का जमलं? कारण कंपनीचं पूर्ण नाव नॅश-केल्व्हिनेटर होतं. हो, तेच केल्व्हिनेटर, आपल्याकडच्या कितीतरी स्वयंपाकघरांत उभं असलेलं. फ्रिजवाले आणि मोटारवाले एकाच छपराखाली बसले आणि आज तुमच्या गाडीत जी मांडणी आहे ती जन्माला आली. पाइप आखूड झाले, सगळं बॉनेटखाली मावलं.

त्यानंतर प्रसार झपाट्याने झाला. १९६९ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांमध्ये एसी होता.

इतका चांगला गॅस की गळला तरी चालेल

आता गॅसकडे वळू. सुरुवातीच्या फ्रिजांमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले जालीम वायू असत. ते गळले तर घरात माणसं दगावायची. तिथे सांधा पक्का करणं हा जिवाचा प्रश्न होता.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागासाठी थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवा वायू शोधला, डायक्लोरोडायफ्लुरोमिथेन. पुढे फ्रिऑन-१२ किंवा आर-१२ म्हणून तो प्रसिद्ध झाला. जळत नाही, विषारी नाही, वास नाही, धातू खात नाही. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने हा वायू स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवली. एका फुंकरीत दोन गोष्टी सिद्ध: माणूस मरत नाही आणि आग लागत नाही. (पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पनाही याच गृहस्थांची, १९२१ सालची. एका माणसाच्या नावावर हे दोन्ही शोध असावेत, हा योग विलक्षणच.)

मोटारीच्या एसीची सगळी उभारणी या वायूवर झाली आणि इथेच माझ्या मते गोम आहे. वायू निरुपद्रवी आणि स्वस्त असल्यामुळे गळती थांबवायची कोणालाच निकड राहिली नाही. रबरी पाइप, काही गाड्यांत त्याच्या टोकाला चक्क स्क्रूने आवळायचे क्लॅम्प, दांड्याचं पाझरणारं सील, सगळं चालून गेलं. गॅस कमी झाला? डबा आणा, भरा. एखाद्याला पाइप बदलायचा असेल तर आधीचा गॅस काढायची पद्धतही साधी होती. सांधा सैल करायचा, फुस्सऽऽ असा आवाज थांबेपर्यंत उभं राहायचं आणि कामाला लागायचं. इंजिन बाहेर काढायचं म्हणजे हे ओघानेच आलं.

आम्ही एखादा बग दुरुस्त करण्यापेक्षा रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करण्याचा जॉब लावून टाकतो ना, त्यातलाच हा प्रकार. गळती हा दोष न राहता देखभालीच्या वेळापत्रकाचा भाग झाला. अमेरिकेत आर-१२ चं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मोटारीचा एसी होता, आणि त्यातला मोठा वाटा नव्या गाड्यांऐवजी जुन्या गाड्यांत पुन्हा पुन्हा गॅस भरण्यावर जात होता.

या काळात टेक्सासमध्ये एक वेगळाच धंदा फोफावला. कारखान्याचा एसी महाग, आणि डॅलस-फोर्ट वर्थचा उन्हाळा तर विचारायलाच नको. म्हणून तिथल्या कंपन्या बाहेरून बसवायचे एसी विकू लागल्या. डॅलसच्या जॉन ई. मिचेल कंपनीचा 'मार्क फोर', फोर्ट वर्थची ए.आर.ए. वगैरे. डॅशबोर्डखाली लटकणारं एक खोकं, इंजिनला एक ब्रॅकेट, त्यावर कॉम्प्रेसर, आणि मधे मापात कापलेले पाइप. कुठल्याही गाडीला, कुठल्याही इंजिनाला. पुढे १९७६ मध्ये सॅन अँटोनियोत जॅक चिझनहॉल यांनी 'व्हिंटेज एअर' काढली, खास जुन्या आणि नवं इंजिन घातलेल्या हौशी गाड्यांसाठी. ज्या दोन वस्तू एकमेकींसाठी बनल्याच नव्हत्या, त्यांना पाइपाने जोडायचं हे कसब टेक्सासमध्ये रुजलं.

आकाशाकडून आलेलं बिल

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. त्यांचा प्रश्न अगदी माझ्या सुरुवातीच्या प्रश्नासारखाच होता: हा वायू जातो कुठे? इतका स्थिर वायू जमिनीजवळ कशानेच मोडत नाही, म्हणजे तो वर चढत राहणार. वर स्ट्रॅटोस्फियरमध्ये अतिनील किरण त्याला फोडणार, क्लोरीन सुटं होणार, आणि क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडत सुटणार. ज्या गुणासाठी मिजलीच्या वायूचं कौतुक झालं, तोच गुण घातक ठरला.

१९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंतात किती भयानक घटतोय ते मोजून दाखवलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. आणि मग गॅरेजमधलं फुस्सऽऽ कायद्याच्या कक्षेत आलं.

अमेरिकेत १९९० पासून आर-१२ वर पौंडाला १.३७ डॉलर कर बसला, १९९५ पर्यंत तो ५.३५ वर गेला. १ जुलै १९९२ पासून हा गॅस मुद्दाम हवेत सोडणं गुन्हा ठरलं. १९९६ पासून नवीन उत्पादन बंद. परिणाम? मायामी बंदरातून आर-१२ ची चोरटी आयात सुरू झाली. तिथल्या चोरट्या मालात अमली पदार्थांखालोखाल याच गॅसचा नंबर लागतो, असं त्या काळी म्हटलं जाई. एकेकाळी फुकट सोडून दिलेला गॅस!

आपणही यातून सुटलो नाही. भारत १९९२ मध्ये या करारात आला, २००३ पासून नवीन एसीत हा वायू वापरणं बंद झालं आणि ऑगस्ट २००८ मध्ये उत्पादनही थांबलं.

१९७० ची गाडी, १९९७ नंतरचं इंजिन

हा सगळा इतिहास पुस्तकात वाचून मला इतका भिडला नसता. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त डॅलसला होतो, तेव्हा ऑफिसातला एक सहकारी त्याच्या १९७० च्या शेव्हरले शेव्हेलमध्ये नवं इंजिन बसवत होता. मी दोन-तीन शनिवार टॉर्च धरायला गेलो. (टॉर्च धरणं हे कुठल्याही गॅरेजमधलं सर्वात कमी पात्रतेचं पण सर्वात जास्त शिकवणारं पद आहे.)

तिकडे हा प्रकार फार लोकप्रिय आहे. जनरल मोटर्सने १९९७ मध्ये कॉर्व्हेटबरोबर एलएस-१ नावाचं व्ही-८ इंजिन आणलं. हलकं, ताकदवान, भंगारात सहज मिळणारं. तेव्हापासून लोक ते जुन्या गाड्यांत घालतात. इंजिन बसवायचे ब्रॅकेट तयार मिळतात, वायरिंगही मिळतं. घोडं अडतं ते एसीच्या पाइपांशी.

पहिली गोष्ट, जुन्या गाडीत थोडा आर-१२ शिल्लक होता. तो एका परवानाधारक दुकानात यंत्राने ओढून टाकीत घेतला. पूर्ण भरलेल्या अशा जुन्या गाडीत पावणेदोन किलोच्या आसपास गॅस मावतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने आर-१२ ची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,९०० पट. गुणाकार तुम्हीच करा. फुस्सऽऽ च्या त्या एका आवाजात अठरा-एकोणीस टन कार्बन डायऑक्साइड!

दुसरी, जागा. जुन्या इंजिनवर कॉम्प्रेसर वरच्या अंगाला होता. जनरल मोटर्सचा तो जुना ए-६ म्हणजे पंधरा-सोळा किलोचं धूड. एलएस इंजिनात तो खाली उजवीकडे येतो आणि शेव्हेलमध्ये नेमका तिथेच चॅसीचा दांडा आहे. एक तर चॅसी कापा, नाहीतर वेगळं ब्रॅकेट लावून लहान कॉम्प्रेसर वर आणा. सहकाऱ्याने दुसरा मार्ग घेतला, जपानी सँडनचा छोटा कॉम्प्रेसर.

कॉम्प्रेसरची जागा बदलली म्हणजे पाइपांची लांबी बदलली, वळणं बदलली, टोकाचे आटेही बदलले. इव्हॅपोरेटरची तोंडं १९७० ची, कॉम्प्रेसरची आजची. इथे मी पाहिलेली पद्धत मला फार आवडली. पाइप आणि त्याच्या टोकाचं फिटिंग आधी नुसतं खोचून ठेवायचं. इंजिन जागेवर ठेवून पाइप फिरवून बघायचा. एक्झॉस्टपासून लांब हवा, पट्ट्याला लागायला नको, इंजिन कललं तरी ताण यायला नको. सगळं मनासारखं झालं की पाइप आणि फिटिंग या दोन्हींवरून मार्करने एकच आडवी रेघ मारायची. मग पाइप काढून यंत्राखाली त्या रेघा जुळवून दाबून घट्ट करायचा. एकदा दाबला की फिरत नाही. रेघ दोन-चार मिलिमीटर चुकली तर पाइप पीळ घेऊन बसतो, आणि पिळलेला पाइप सांध्यावर रात्रंदिवस ओढ देतो. गळती तिथूनच सुरू होते.

तिसरी गोष्ट नव्या वायूची. १९९२ ते १९९४ दरम्यान गाड्यांनी आर-१२ सोडून आर-१३४ए घेतला. त्यात क्लोरीन नाही, ओझोनला धक्का नाही. पण जुन्या घरात नवा भाडेकरू आला की त्याच्या सवयी वेगळ्या असतात. हा वायू जुन्या रबरातून जास्त झिरपतो, म्हणून पाइपात आतून नायलॉनचा थर आला. जुनं खनिज तेल त्यात विरघळत नाही. कॉम्प्रेसरचं वंगण गॅसबरोबरच फिरत असतं, त्यामुळे तेल वाटेतच अडकलं तर कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून पीएजी नावाचं कृत्रिम तेल आलं. ओ-रिंगचं रबर बदललं, बहुधा हिरव्या रंगाचं. आणि गॅस भरायची तोंडं मुद्दाम वेगळी केली, कमी दाबाचं एका मापाचं आणि जास्त दाबाचं दुसऱ्या. चुकीची नळी बसतच नाही. यापेक्षा चांगलं इंटरफेस डिझाइन मी क्वचितच पाहिलंय.

सर्वात फसवं काम होतं शेव्हेलमधल्या एका व्हॉल्व्हचं. १९७० च्या या यंत्रणेत कॉम्प्रेसर सतत चालतो आणि पीओए नावाचा व्हॉल्व्ह इव्हॅपोरेटरमधला दाब तीसएक पीएसआयवर धरून ठेवतो, म्हणजे तिथे बर्फ साठत नाही. पण तो तीसचा आकडा आर-१२ साठी ठरवलेला. नव्या गॅसला त्याच दाबाला वेगळं तापमान येतं. पाइप नीट जुळले, गळती शून्य, तरी यंत्रणा चुकीचीच वागणार! जुन्या कोडमध्ये कोणीतरी लिहून ठेवलेला आणि कोणालाच आठवत नसलेला आकडा कसा डोकं खातो, ते आपल्या लोकांना सांगायला नको. तो व्हॉल्व्ह काढून त्या जागी क्लच चालू-बंद करणारा स्विच आला.

शेवटचं म्हणजे ओलावा. ड्रायर नावाच्या छोट्या डब्यात पाणी शोषणारे दाणे असतात. त्याचं झाकण उघडायचं ते सगळ्यात शेवटी, कारण उघडं राहिलं की ते हवेतलंच पाणी पिऊन बसतात. आणि यंत्रणेत पाणी राहिलं तर एक तर बारीक भोकापाशी बर्फ होतो किंवा गॅस-तेलाबरोबर आम्ल होऊन धातू खातो. म्हणून सगळं जोडल्यावर आधी कोरडा नायट्रोजन भरून गळती बघायची, आणि मग पाऊण तास व्हॅक्यूम मारायचा. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जातं. पंप बंद केल्यावर काटा हलतो का ते बघत बसायचं. हलला नाही तर गॅस वजन करून भरायचा, अंदाजाने नाही.

आमचा काटा हलला नाही. सहकाऱ्याने तरीही अर्धा तास वाट पाहिली. मी विचारलं, "आता कशाला थांबलायस?" तो म्हणाला, "माझे वडील हेच काम पाच मिनिटांत करायचे. गॅस सोडायचे आणि भरायचे. त्यांना वाट बघावी लागली नाही, म्हणून मला बघावी लागते."

मग आता?

आर-१३४ए ने ओझोन वाचवला, पण तापमानवाढीत त्याची ताकदही कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट. म्हणून युरोपने २००६ मध्ये नियम केला आणि २०१७ पासून तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांत १५० च्या आतलाच वायू सक्तीचा झाला. आला आर-१२३४वायएफ. तो किंचित ज्वालाग्राही आहे. २०१२ मध्ये डाइम्लरने चाचणीत पेट घेतल्याचं सांगून मोठा वाद उभा केला होता. शिवाय हवेत मोडल्यावर त्यातून जे आम्ल तयार होतं ते पाण्यात साचत राहतं, ही नवी काळजी आहेच. सर्वगुणसंपन्न वायू आला की शंका घ्यायला आपण मिजलीकडून शिकलोय, हे चांगलंच झालं.

पण मला जास्त आशा वाटते ती दुसऱ्या बदलाची. टोयोटाने २००३ मध्ये दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये विजेवर चालणारा कॉम्प्रेसर आणला. मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात, बाहेर येतात फक्त तारा. पट्टा नाही, दांडा नाही, सील नाही. आज रस्त्यावरच्या इलेक्ट्रिक गाड्यांत हेच असतं. म्हणजे पॅकार्डपासून सहा दशकं भटकून मोटारीचा एसी शेवटी घरातल्या फ्रिजपाशी येऊन पोचला! पाइप मात्र अजून आहेत. उलट त्यांचं काम वाढलंय, कारण तोच गॅस बऱ्याच गाड्यांत बॅटरीही गार ठेवतो.

आणि ओझोन? जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा अंदाज जानेवारी २०२३ मध्ये आला. सध्याची धोरणं टिकली तर जगाच्या बहुतेक भागावरचा ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या आसपास. १९७० ची ती शेव्हेल तोवर चालत असेल तर शंभरीला आलेली असेल. करार राजधान्यांत झाले, विज्ञान प्रयोगशाळेत झालं, पण प्रत्यक्ष गॅस थांबवला तो सांधे आवळणाऱ्या, काटा बघत बसणाऱ्या लोकांनी.

तेव्हा येत्या मार्चमध्ये कोणी "गॅस संपलाय" म्हणालं तर एवढंच विचारा: "गेला कुठून?" मेकॅनिक त्रासिक चेहरा करेल. करू दे. गळती शोधायला लावा, ओ-रिंग बदलायला लावा, व्हॅक्यूम किती वेळ मारला ते विचारा, आणि काटा हलतो का ते शेजारी उभं राहून बघा. बिल थोडं वाढेल, पण ते आपल्याच नावावर फाडलेलं असेल.